चोविसाने भागलेली गाडी

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी एका मिनीबसच्या चौदाव्या सीटला टाके घालत होते, आणि अजून बारा सीट बाकी होत्या. मी मान वर केली नाही. मान वर करायची म्हणजे उजवा खांदा हलवायचा, आणि तो खांदा दुपारनंतर माझं ऐकत नसे.

"सीटचं कापड हवं होतं," तो म्हणाला.

"किती मीटर?"

"मीटर नाही... म्हणजे..." तो घुटमळला. "एवढं."

आता बघणं भाग होतं. दोन बोटांत त्याने काडेपेटीएवढी जागा धरली होती. चष्म्याच्या काचेवर प्लास्टरचे पांढरे ठिपके, शर्टाच्या बाहीवर मेणाचा डाग, आणि बाहेरच्या भुरभुरीने ओले झालेले केस. डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं.

"कुणाच्या गाडीला बसवणार? मुंगीच्या?"

तो हसला नाही. उलट गंभीरपणे समजावू लागला, "चोविसाव्या हिश्शाची गाडी आहे. खऱ्या गाडीतलं सगळं मोजायचं आणि चोविसाने भागायचं. दार, स्टिअरिंग, आरसा... सगळं."

पलीकडे खुर्चीत बसलेले माझे बाबा कान टवकारून ऐकत होते. डोळे अधू झाल्यापासून त्यांनी मशीन सोडलं होतं, दुकान मात्र सोडलं नव्हतं. "मग माणूस कुठे भागायचा?" त्यांनी विचारलं.

"माणूस बसवत नाही मी, काका," तो म्हणाला. "नुसती गाडी."

मी उरलेल्या कापडांतून एक करडा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. तो तुकडा त्याने वहीच्या पानांत असा जपून ठेवला, की मला उगाचच हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

आठवड्याने स्वारी परत हजर. चेहरा पडलेला.

"चुकलं," तो म्हणाला. "खरं कापड लहान गाडीत खोटं दिसतं. त्याची वीण काही लहान होत नाही ना. सीटवर गोणपाट टाकल्यासारखं झालंय."

हे मला कधी सुचलंच नसतं. खरी वस्तू असूनही ती खोटी दिसावी... मी मशीन थांबवलं. "वीण बारीक हवी असेल तर विरलेलं कापड लागेल. धुऊन धुऊन पातळ झालेलं." मग माझ्याच कमरेला खोचलेला रुमाल काढला. उन्हाकडे धरला तर आरपार दिसेल असा. "हा बघा."

त्याने तो घेतला. बोटं माझ्या बोटांना लागली, आणि दोघांनीही लागली नाहीत असं दाखवलं.

"परत कधी देऊ?"

"विरलेला रुमाल परत घेऊन काय करू? ठेवा."

हळूहळू कळत गेलं. दिवसभर तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा, मेणातून एकेक दात कोरायचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, याचं भरत होतं. बाबांनी त्याचं नाव 'कवळीवाले' पाडून टाकलं. बोलताना बाबांची कवळी कट्‌कट् वाजते हे त्याने दुसऱ्याच भेटीत हेरलं, खिशातून बारीक कानस काढली आणि तिथल्या तिथे घासून दिली. त्या दिवसापासून बाबा पूर्णपणे त्याच्या बाजूचे झाले.

आणि घरी गेल्यावर या गाड्या. शर्यतीच्या, झगमगत्या गाड्या त्याला नको असत. रस्त्यावर रोज दिसणाऱ्या, पोचे आलेल्या, एका दिव्याने अधू अशा जुन्या गाड्याच तो करायचा. गंज तो रंगाने आणायचा, धूळ खडूच्या भुकटीने. अख्खा दिवस बसून पुसट पडलेली नंबरप्लेट रंगवायची आणि मग ती अजून जरा पुसट करायची... असा हा माणूस.

एकदा अर्धवट गाडी डब्यातून घेऊन आला. छत अजून लावलं नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. माझा रुमाल चार सीट होऊन बसला होता. चारही सीट सारख्याच मळलेल्या, सारख्याच झिजलेल्या.

मी बघितलं आणि हसत सुटले.

"काय झालं?"

"अहो, सीट अशी झिजते होय? ड्रायव्हरची आधी उतरायच्या बाजूची कड जाते. रोज घसरून उतरतो ना माणूस. मागच्या सीटवर तर नुसत्या पिशव्या बसतात. त्या अशा कशा झिजतील?"

तो भराभर वहीत लिहू लागला. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. "आणि ड्रायव्हरच्या शेजारची?"

"कुटुंबवाल्याची गाडी असेल तर तीही झिजते. एकट्या माणसाची असेल तर... नव्यासारखी राहते. गाडी दहा वर्षं जुनी आणि ती सीट कालची. उसवायलाही जिवावर येतं."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मग तीच सीट नवी करायला हवी," तो हळूच म्हणाला. "माझीच गाडी आहे ही."

बाबा एकदम खोकले. मी सुईत दोरा ओवायला घेतला, आणि तो काही केल्या ओवला जाईना.

ओल्या हवेत रंग मारला की तो पांढुरका पडतो, त्यामुळे पावसाळी दिवशी त्याला घरी काम नसे. मग तो दुकानात येऊन बसे. मला पूर्वी ढगाळ हवा आवडत नसे, कापडाला दमट वास लागतो म्हणून. आता सकाळी उठले की आधी आभाळ बघायचे. तो यायचा, मला कापड ताणून धरू लागायचा, आणि तासाभरात दोन वाक्यं बोलायचा.

"तुमचं बोलणंही चोविसाने भागलेलं आहे का हो?" मी एकदा विचारलं.

"नाही... म्हणजे..." त्याने विचार केला. "बाकीचं मनात राहतं."

"राहू द्या. कुजेल तिथेच."

तो कानापर्यंत लाल झाला. मला तो आवडला होता. उगाच आडपडदा कशाला ठेवू? तो शेजारी नुसता बसला असला तरी माझा खांदा कमी दुखायचा. पण चौतिसाव्या वर्षी, आठ वर्षं एका मशीनवर वाकून काढल्यावर, पुढचं वाक्यही मीच बोलायचं एवढं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. एकदा तरी दुसऱ्या कुणी जोर लावावा असं वाटायचं.

अशात आत्याचं पत्र आलं. ती राहते त्या गावी सीट बनवायच्या कारखान्यात जागा होती. शिवायचं नाही, दुसऱ्यांनी शिवलेलं तपासायचं. बसून काम, ठरलेल्या वेळेला सुट्टी. बाबांसह तिच्याच घरी राहायचं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

पत्र मी त्याच्यासमोरच वाचून दाखवलं. मुद्दामच.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "खांद्याला आराम पडेल."

"हो."

"चांगलं आहे की."

"तुम्ही कधी घर बदललंत का हो?" बाबांनी मधेच विचारलं. बाबांना खडा टाकून बघायची जुनी सवय.

"अकरा वर्षं त्याच खोलीत आहे, काका. एक्केचाळीस गाड्या आहेत. त्यांना प्रवास सोसत नाही. नुसता धक्का लागला तरी आरसे तुटतात." एवढं बोलून तो उठला, आणि दारात चप्पल घालताना नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मी वाट बघितली. पण तो गेला.

मग चार दिवस लख्ख ऊन. तो फिरकला नाही. रंग मारत असेल, म्हटलं... माझ्या जाण्यापेक्षा रंग मोठा. पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं तरी तो आला नाही, तेव्हा मात्र मी मूग गिळून पत्राचं उत्तर लिहायला घेतलं. 'आम्ही येतो' एवढंच लिहायचं होतं. तीन कागद फाडले. बाबा म्हणाले, "कागद वाईट आहे का पोरी?" मी त्यांच्याशी त्या दिवशी बोलले नाही.

रविवारी दुपारी बाबा घरी झोपले होते आणि मी दुकानात आणखी एका मिनीबसच्या शेवटच्या लांब सीटवर काम करत होते. तो आला. दाढी वाढलेली, हातात दोन रिकामी पोती.

"फोमचे तुकडे हवे होते," तो म्हणाला. "कापून उरलेले. जेवढे असतील तेवढे."

माझा संताप झाला. संताप करायलाही अंगात जोर लागतो, तो कुठून आला कुणास ठाऊक. "सहा दिवसांनी येता, आणि फोम मागता? मी उद्या उत्तर पाठवतेय, माहीत आहे ना? ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? काय असेल ते एकदा बोला, नाहीतर तो कोपऱ्यातला फोम उचला आणि जा."

तो पोती हातात धरून तसाच उभा राहिला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"गाड्या बांधतोय," तो म्हणाला. "एक्केचाळीस. आरशांभोवती फोम लावला तर... काही तुटतील, पण सगळे नाही तुटणार. त्या गावी जाऊन आलो मी. दातांचे तीन डॉक्टर आहेत. एकाने काम देतो म्हटलंय. दात काय, सगळ्या गावांत असतात." श्वास घेतला. "जाऊ नका असं म्हणायचं मनात होतं. पण तुमचा खांदा बघितला की म्हणवेना. म्हणून ठरवलं... मीच येतो. तुम्ही म्हणालात तर."

त्याला इतकं एकदम बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"मला विचारायच्या आधी जाऊनही आलात?"

"विचारायलाच आलोय. नाही म्हणालात तर फोम परत देईन."

मला हसायचं होतं. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबेना. मी त्या लांब सीटवर बसून घेतलं. "मी फार थकलेय हो," मी म्हणाले. "इतकी थकलेय की तुम्ही मला आवडता, की नुसतं कुणीतरी शेजारी हवंय, तेही कधी कधी कळत नाही."

दुसरा कुणी दुखावला असता. त्याने माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि बाजूला ठेवली. "झोपा जरा," तो म्हणाला. "उठल्यावर कळेल. न कळलं तरी घाई नाही. मी दुकान बघतो."

आठ वर्षांत मला भर दुपारी कुणी झोपा म्हटलं नव्हतं. मी खरंच आडवी झाले. नव्या कापडाचा वास, बाहेर पागोळ्यांचा आवाज, आणि पलीकडे तो फोमचे तुकडे हलक्या हाताने पोत्यात भरत होता, मला जाग येऊ नये म्हणून एकेक. झोप कधी लागली ते कळलंही नाही.

जाग आली ती दुकानाच्या दाराशी चाललेल्या बोलण्याने. मिनीबसचा मालक आला होता.

"बाई कुठे आहेत?"

"झोपल्यात. तासाभराने या."

"दुपारच्या झोपल्यात? आणि तुम्ही कोण?"

पोतं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ते... त्या उठल्या की ठरेल."

मी डोळे उघडले नाहीत. खांदा दुखत नव्हता. डोकं स्वच्छ होतं, आणि पडल्या पडल्या मला जे हवं होतं ते अगदी स्पष्ट कळत होतं.

"उठलेय मी," मी आतूनच म्हणाले. "सांगा त्यांना, घरचेच आहात म्हणून."