वाळूवरचे लहान ठसे

टक्! डब्याचं झाकण बसलं आणि एवढ्याशा आवाजाने विश्रामगृहाची अख्खी खोली दचकली. बाहेर धुकं इतकं दाट, की खिडकीवर कुणी ओलं फडकं वाळत घातलंय असं वाटावं. आठ वाजले तरी एक पाखरू बोललं नव्हतं.

"वहिनी, डबा केवढा भरलायस! पाणमांजरांनाही जेवायला बोलावलंयस की काय?" नणंद बुटाच्या नाड्या आवळत हसली.

"तुझी भाची वाटेत भूक-भूक करेल ना, तेव्हा बोल."

अभयारण्यातल्या डोहावर पाणमांजरं दाखवीन, असा शब्द वहिनीने आपल्या सहा वर्षांच्या लेकीला दिला होता; तापाने फणफणलेल्या तोंडाशी औषधाचा चमचा धरून. पोर महिनाभर अंथरुणाला खिळली होती. आज तो शब्द पाळायचा होता.

वाट दाखवायला वनरक्षक काका होते. निघताना त्यांनी एकच बजावलं, "काही झालं तरी पळायचं नाही."

नदीकाठाने चालणं सुरू झालं. एका बाजूला उथळ पाणी, दुसऱ्या बाजूला डोक्याएवढी लव्हाळी. शेवाळलेल्या दगडांवरून ओढा ओलांडताना नणंद दोनदा आपटली आणि दोन्ही वेळा दगडालाच रागावली. लेक मात्र आईचं बोट धरून, ओल्या वाळूत मुद्दाम पाय रुतवत चालली होती. मागे तिच्या इवल्या बुटांची रांग उमटत होती.

आणि वळणापलीकडून बारीक शीळ आली. पाणमांजरं!

"माझी टोपी!" लेक डोक्याला हात लावून म्हणाली. टोपी मागे कुठेतरी पडली होती.

"मी आणते," म्हणत नणंद धुक्यात शिरली. लगेच परतली, टोपीशिवाय. ओठ पांढरे पडले होते.

"काका... जरा येऊन बघा."

वीस पावलं मागे काका गुडघ्यावर बसले. लेकीच्या बुटाच्या ठशात एक गोल पंजा उमटला होता. पुढच्या ठशातही. त्याच्याही पुढच्या. शेजारीच आईचे ठसे होते, काकांचे होते; त्यांना धक्काही नव्हता. फक्त लहान ठसा निवडून, त्यात नेमका पाय!

"बिबट्या," काका पुटपुटले. "पंज्यात अजून पाणी झिरपतंय. आत्ताचाच आहे. ताई, पोरीला उचला. खाली ठेवू नका."

तिने लेकीला कडेवर घेतलं. पुन्हा शीळ आली, अगदी जवळून.

"डोह दहा मिनिटांवर," काका म्हणाले. "पण वाट लव्हाळ्यातून आहे."

"आई, तू शब्द दिलायस!"

तिने शीळ आली त्या वळणाकडे एकदा पाहिलं. पण ती म्हणाली, "नाही. नदी ओलांडायची. आत्ता!"

पाणी मांड्यांपर्यंत चढलं. बर्फासारखं! तळाचे दगड सरकत होते. नणंदेने मागून तिचा दंड घट्ट धरला. काका पाठ न फिरवता, उलटे चालत काठी आपटत होते. डाव्या हाताची लव्हाळी हलली. वारा नव्हता. कुणी पळालं नाही.

पलीकडे टेहळणीचा मनोरा होता. शिड्या चढून, दार लावून ते खाली बघू लागले. धुकं जरा विरळ झालं.

तो वाळूवर आला होता.

मान खाली घालून, लहान ठशांवरून एकेक पाऊल टाकत तो सावकाश चालला. जिथे आईने लेकीला उचललं होतं, तिथे ठसे संपले. तो थांबला. तिथली वाळू हुंगली. एक घिरटी घातली. मग मान वर करून थेट मनोऱ्याकडे पाहिलं.

काकांनी पत्र्यावर काठी हाणली. धाड्! धाड्! तो घाई न करता वळला आणि लव्हाळ्यात विरून गेला.

"वाचलो गं बाई!" नणंद मटकन खालीच बसली. काकांनी बिनतारी यंत्रावरून गाडी मागवली.

ती लेकीला छातीशी धरून, तिचे भिजलेले बूट काढून पायांची बोटं एकेक चोळत होती. लेक अजून त्या रिकाम्या वाळूकडेच बघत होती. मग तिने आईची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"आई, त्याला मी आवडले होते का गं?"