मरून टाय

लेयर एक : पांढरी पार्श्वभूमी

महागावच्या बसस्टँडसमोर हंसाबाईंचा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी तिथे खिळ्याला एक टाय लटकलेला असायचा. गाठ एकदाच मारलेली. ती सैल करायची, गिऱ्हाइकाच्या डोक्यातून घालायची, वर सरकवायची. नोकरीचा फॉर्म भरणारा असो की पोरगी पाहायला निघालेला, सगळे त्या एकाच टायमध्ये साहेब झाले. आता गिऱ्हाईक बनियनवर आलं तरी चालतं. कोट-टाय कॉम्प्युटरवर बसतो, चेहऱ्यावर वेगळा थर, म्हणजे लेयर, ठेवून.

निळा, काळा, पट्ट्यांचा असे टाय तयार मिळतात. 'मरून' ही फाइल मात्र घरची. हंसाबाईंचे यजमान देवीलाल स्वतः कोट-टाय घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले होते आणि मग हंसाबाईंनी माउसने कडेकडेने त्यांचं डोकं कापून काढलं होतं.

"अवं, हळू काप. दुखते ना," देवीलाल मागून म्हणाले होते.

लेयर दोन : चेहरा

सोमवारी सदाशिवराव आले. शिक्षण संस्थेचे अध्यक्ष.

"बाई, एकसष्टीचं बॅनर आहे. फोटो असा पाह्यजे का लोकायनं थांबून पाह्यलं पाह्यजे. कोट-टाय तुमीच चढवा, आपल्याले गळ्यात काही सहन होत नाही."

हंसाबाईंनी लाइट लावले. लेन्समध्ये तोच चेहरा. दोन वर्षांपूर्वी संस्थेच्या गॅदरिंगला यवतमाळहून पाहुणे आले होते. मांडवात टाय एकट्या देवीलालच्या गळ्यात, तोच मरून. पाहुण्यांना वाटलं, हेच अध्यक्ष. त्यांनी गुच्छ देवीलालच्या हातात दिला. सदाशिवरावांनी देवीलालला टाय धरून ओढत कॅमेऱ्यामागे नेऊन उभं केलं. चार पावलं. "फोटोवाल्याले टाय कायले रे?" सगळा मांडव हसला.

देवीलालनी त्या दिवशीचे सगळे फोटो नीट काढले. नंतर त्यांच्या घशाखाली घास उतरेना. आठ महिन्यांत ते गेले.

"भाऊ, देवीलाल आठवते का तुमाले?"

"कोण देवीलाल?"

"गॅदरिंगचे फोटो काढत."

"लय फोटोवाले येतेत हो बाई. कोणाकोणाले ध्यानात ठेवू?" त्यांनी केसांवरून कंगवा फिरवला. "उरकवा."

ते खोटं बोलत नव्हते. खरंच विसरले होते. एकदा नुसतं 'हो' म्हणाले असते, तर हंसाबाईंनी निळा लावला असता.

त्यांनी 'मरून' उघडली.

लेयर तीन : टाय

टाय नेमका बसला. देवीलालची गाठ नेहमी सैल असायची, कॉलरच्या बटणाखाली बोटभर जागा सोडून. सेव्ह केल्यावर पाहिलं, तर ती जागा निम्मी झाली होती.

माउस सरकला असेल. त्यांनी लेयर पुसला, मूळ फाइलमधून पुन्हा आणला. बोटभर जागा. चहा घेऊन आल्या. निम्मी.

कॉम्प्युटर बिघडला म्हणावं, तर तोच टाय लावलेले जुने दहा फोटो त्यांनी उघडून पाहिले. तलाठी, दोन मास्तर, एक नवरदेव. दहाही गाठी जिथल्या तिथे.

मंगळवारी चौकात बॅनर लागलं. हंसाबाई भाजीची पिशवी घेऊन खाली थांबल्या. छापलेल्या गाठीवरही बोटभर जागा नव्हती.

बुधवारी गाठ कॉलरला टेकली.

लेयर तीन, पुन्हा

शुक्रवारी सदाशिवरावांचा मुलगा अक्षय आला. डोळे जागरणाचे.

"काकू, बाबायची तब्येत बिघडली. घास उतरत नाही. पाणीही नाही. नागपूरले दाखवलं, दुर्बीण घातली. डॉक्टर म्हणते घशात काहीच नाही."

"मग?"

"आवाज पार बसला. पण एकच नाव घेऊन राह्यले दोन दिवसापासून. देवीलाल. हात जोडते अन् देवीलाल म्हणते." तो काउंटरवर वाकला. "काकू, कोण हो हा देवीलाल? कोणी म्हणालं फोटोवाला होता. तुमाले तं माहीत असन."

समोरच्या स्क्रीनवर सदाशिवरावांची फाइल उघडी होती. स्क्रीनची पाठ अक्षयकडे. हंसाबाईंचं बोट डिलीटच्या बटणावर होतं. एकदा दाबलं की टाय जाणार होता.

नाव घेतलं होतं. हातही जोडले होते.

पण मांडवात नाही.

त्यांनी बोट उचललं.

"लय फोटोवाले होते रे बाबू," हंसाबाई म्हणाल्या. "कोणाकोणाले ध्यानात ठेवू?"

लेयर चार : मजकूर

अक्षयची गाडी लांब गेल्यावर हंसाबाईंनी फ्रेमची साइज निवडली. बारा-अठरा इंच.

फोटोखाली नाव लिहायला त्यांनी नवा लेयर घेतला. सदाशिवरावांचं नाव टाइप केलं. जन्मतारीख टाइप केली. मधली रेघ मारली.

रेघेच्या पुढे तारीख होती.

त्यांनी ती टाइप केली नव्हती. पुसून पाहिली. पुन्हा उमटली, त्याच अक्षरात, त्याच काळ्या रंगात.

सोमवारची तारीख. अजून तीन दिवस होते.

हंसाबाईंनी फाइल सेव्ह केली आणि शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.