सब्रीननं सुचवलेला शेवटचा भाग

"तेता, सब्रीननं शेवटचा भाग सुचवलाय." फोनवर हयामचा आवाज फाटला होता. "तोही सात वर्षांच्या पोराच्या आईला."

मुलूखियाच्या भाजीची पानं खुडणारे नगवानचे हात थांबले.

नगवानला सगळे तेता, म्हणजे आजी म्हणत. 'जुमानाचं गलबत' ही कार्टून मालिका अरबी बोलू लागली, तेव्हा गलबतावरच्या म्हाताऱ्या आचारणीला आवाज नगवानचा होता. ती मालिका बघत वाढलेली मुलं आता तिशी ओलांडून गेली होती आणि इंटरनेटवर त्यांची मंडळी जमत होती. तिथं कुणीही यावं, मन कसं आहे ते लिहावं, आता काय बघू म्हणून विचारावं. सब्रीन उत्तर द्यायची. शिंप्यानं माप घ्यावं तसं माणूस मापून मगच ती सुचवायची.

मंडळीत एकच नियम होता. शेवटचा भाग कुणी कुणाला सुचवायचा नाही. त्यात जुमाना एकटी समुद्रात चालत जाते आणि पडदा काळा होतो. एक अख्खी पिढी त्या भागानं रडली होती. नियम केला होता सब्रीननंच.

आणि गेले दोन आठवडे सब्रीन घरी नव्हती. तिचा फोन बंद होता. हयाम दोनदा पोलिसांत जाऊन आली. सज्ञान बाई आहे, मंडळीत रोज लिहितेय, मग हरवली कुठे, असं म्हणून अधिकाऱ्यानं दोन्ही वेळा तिला परत पाठवलं होतं.

दुपारी अलेक्झांड्रियाच्या इब्राहिमिया भागात, नगवानच्या घरी तिघं जमले. सब्रीनची मैत्रीण हयाम, भाऊ मिधत आणि वगीह. वगीहशी ठरलेलं लग्न सब्रीननं वसंतात मोडलं होतं. तरी तिचा फोटो छापलेले कागद गावभर चिकटवत तोच फिरत होता. येताना त्यानं काकांच्या होडीतली ताजी बूरी मासळी आणली होती.

"मिधत, भांडण झालं होतं?" नगवाननं विचारलं.

"झालं. एवढी मोठी बाई दिवसभर कार्टूनवाल्यांत बसते म्हणून बोललो." त्यानं मान खाली घातली. "तोंड दाखवू नकोस, असंही म्हणालो."

"ऐकलं तिनं तुझं. नाही दाखवत," हयाम म्हणाली.

मिधत उठू लागला. नगवाननं नुसता हात वर केला, तसा बसला.

"वगीह, तू बघायचास ही मालिका?"

"नाही तेता. आमच्याकडे टीव्ही कुठला? पण तिच्यासाठी तिचं पान रोज वाचतो. ती बरी आहे. परीक्षेनं दमलेल्या त्या पोराला 'माकडाची शाळा' सुचवलीय तिनं. दुःखातलं माणूस माकडं सुचवेल का?"

नगवाननं हयामला सब्रीनच्या पानावरचं गेल्या दोन आठवड्यांतलं सगळं मोठ्यानं वाचायला सांगितलं. हयाम वाचू लागली. खाली लोकांनी टिंगल केली होती. सब्रीनची चव गेली, सब्रीनचं डोकं फिरलं. त्यातल्या दोन टोमण्यांखाली हयामचंच नाव होतं. ते तिनं भरभर वाचून टाकलं.

परीक्षेनं दमलेल्या पोराला हसायचं होतं. त्याला सुचवला होता 'आचारणीची हौस'. नगवानला तो स्टुडिओ आठवला. एकाच माइकभोवती पाचजण दाटीनं उभे, आणि आचारणीला मिठाच्या कोठारात कोंडतात त्या प्रसंगासाठी ध्वनिवाल्यानं परातीत खडेमीठ पसरलेलं. त्यावर चालून चालून तिच्या टाचा सोलल्या होत्या. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

नव्या जोडप्यानं प्रेमाची गोष्ट मागितली होती. त्यांना 'जुळ्या बहिणी'. त्यात प्रेमाचा मागमूस नाही. घरांच्या उंबऱ्यांवर होड्या आपटायच्या, म्हणून दिवसभर टबातल्या पाण्यात फळकुट बडवलं होतं.

झोप न येणाऱ्या म्हाताऱ्याला 'पोपटाचं लग्न'. अरे देवा, तो तर सगळ्यात गोंगाटाचा भाग. गच्चीवरच्या कबुतरांसाठी घुमून घुमून चौघांचे घसे बसले होते.

आणि आज सकाळी, शेवटचा भाग.

नगवाननं खुडलेली पानं बाजूला सारली. त्या पाचांतली आता ती एकटीच उरली होती. मग ती आत गेली, एक फोन केला आणि बाहेर येऊन हयामला चहा ठेवायला सांगितलं. चहा झाला तेव्हा दारात पोलीस अधिकारी उभा होता.

"सब्रीनची चव गेलेली नाही," नगवान म्हणाली. "ती विचारणाऱ्यांना उत्तरं देतच नव्हती, आपल्याला सांगत होती. कुणीतरी तिला कोंडलंय. लोकांनी शोधू नये म्हणून तो आपल्या फोनवरून तिला लिहू देतो. नाव, पत्ता, विनवणी आहे का एवढंच बघतो. भागांची नावं साधी. आत काय आहे, ते बघितलेल्यालाच ठाऊक."

"काय आहे आत?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"कोंडलेली बाई आणि मीठ. उंबऱ्याला बांधलेल्या होड्या. गच्चीवर कबुतरं. आपल्या अलेक्झांड्रियात मिठागराशेजारी कालवा कुठंय, जिथं होडी दाराशी लागते?"

"मेक्सला," मिधत पुटपुटला.

"वगीह, तुझ्या काकांची होडी कुठं लागते?"

वगीह हसला. "मेक्सला शेकडो घरं आहेत, तेता."

"आहेत. पण 'माकडाची शाळा' त्या पानावर कुठंच नाही. आत्ता सगळं वाचलं, तू ऐकलंस. माकड खिडकीतून फडकं हलवून मदत मागतं तो भाग. तिनं आधी तेच लिहिलं असणार. मग वाटलं असेल, हे फार उघड होतंय. म्हणून पाठवायच्या आधी बदललं. पाठवलं ते आम्ही वाचलं. खोडलेलं वाचायला तिच्या खांद्यामागेच उभं राहावं लागतं, बाळा."

वगीहची नजर मासळीच्या पुडक्याकडे गेली. "मी तिला हातही लावलेला नाही," तो म्हणाला. "समजून घेतलं असतं तिनं, हळूहळू."

"घर कुठलं?"

त्यानं ओठ मिटले ते मिटलेच. मिधत त्याच्या अंगावर धावला. नगवान मध्ये उभी राहिली. "आधी बहीण. तिनं शेवटचा भाग लिहिलाय, अंधार पडायच्या आत पोचायला हवं."

मेक्सच्या कालव्यावर ऊन उतरलं होतं. वगीहला गाडीतच बसवून ठेवलं होतं; घर तो सांगेना. त्याच्या काकांनी घर दोनदा बदललेलं, शेजारी सांगायला तयार नव्हते, आणि कबुतरांची खुराडी तर जवळजवळ प्रत्येक गच्चीवर. अधिकारी एकेक दार ठोठावू लागला. हयाम सब्रीनला हाका मारत रडत होती.

मग नगवान कालव्याच्या काठावर उभी राहिली. तिनं छातीत श्वास भरला. शेवटच्या भागात तिचं एक वाक्य होतं. ध्वनिमुद्रण झालं, पण दाखवताना कापलं गेलं. इतक्या वर्षांत तिनं ते एकट्या सब्रीनला सांगितलं होतं. त्या जुन्या, खरखरीत, आचारणीच्या आवाजात ती ओरडली,

"जुमाना, वर ये गं. जेवण निवतंय."

कालव्याच्या टोकाला एका गच्चीवर पत्र्यावर काहीतरी आपटलं. मग पुन्हा. कबुतरांचा थवा भरारून उठला.

दार मिधतनं तोडलं. सब्रीन गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत कोपऱ्यात होती, हातात जस्ती घमेलं. भावाला बघून ती हलली नाही. नगवान जिना चढून वर आली, तेव्हा मात्र तिनं घमेलं खाली ठेवलं.

"तेता, बाकीचे भाग खुणेचे होते," ती म्हणाली. "शेवटचा नव्हता."

"ठाऊक आहे. म्हणून तर धावले."

नगवाननं आपली शाल तिच्या खांद्यांवर घातली. जिन्याशी आल्यावर सब्रीन थांबली आणि हयामचा हात धरला.

"त्या पोराच्या आईला कुणी सांगितलं का? तो भाग लावू नकोस म्हणावं. त्याला माकडाचा दाखव."