खडबडीत कड

रुबीवेलमध्ये नेरिडा पेन्रोजच्या खड्यांना पैलू पाडायच्या दुकानाचं दार कुणी ढकललं, तर बहुधा तो रस्ता चुकलेला असायचा. हा माणूस मात्र अंगठी घेऊन आला होता.

"या नीलमाची कड एका जागी खडबडीत आहे," तो म्हणाला. नाव कॅलम. "घासून द्याल? त्याशिवाय ब्रिस्बेनचा सराफ घेणार नाही. मावशीनं माझ्या बायकोसाठी ठेवली होती. बायको काही मिळेना, म्हणून विकतोय."

निळ्यात पिवळी रेघ... नेरिडानं नखानं कड चाचपली आणि तिचा हात थांबला. तिचे आजोबा पैलू पाडलेल्या प्रत्येक खड्यावर नखाच्या टोकाएवढा कच्चा दगड तसाच ठेवायचे. खड्याला आपली माती आठवावी, असं ते म्हणायचे. आजी त्याला आळस म्हणायची. आजीची ही अंगठी दुष्काळात पाण्याच्या पंपापायी विकली गेली. पंप वर्षभरात मेला. मग आजोबा, आजी, आईबाबाही गेले. पेन्रोजांपैकी आता उरली होती ती... आणि ही कड.

"किती वेळ लागेल?"

काम तासाभराचं होतं.

"आठवडा. घासायचं चाक नाजूक आहे," ती म्हणाली. चाकाइतकी दणकट वस्तू अख्ख्या गावात नव्हती.

कॅलम रोज 'चौकशीला' येऊ लागला. नेरिडाच्या घरात कप दोन होते. दुसऱ्यात कित्येक वर्षं खिळे होते. तिनं खिळे बशीत ओतले आणि कप तीनदा धुतला.

अंगणात तो नीलम शोधण्यासाठी खडी धुवायला शिकला. चाळण पाण्यात फिरवली की जड खडे मधोमध जमतात. मग चाळण टेबलावर एका झटक्यात पालथी घालायची. त्यानं ती स्वतःच्या बुटांवर घातली.

"बुटांना पैलू पाडायचेत का?" नेरिडानं हसत विचारलं.

"हसलात... मला वाटलं, त्यालाही आठवडा लागतो."

तो गेल्यावर घर इतकं गप्प व्हायचं, की बशीतल्या खिळ्यांचीसुद्धा सोबत वाटायची.

आठवडा संपला. तिनं अंगठी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं कडेवर बोट फिरवलं.

"खडबडीतच आहे की."

"हो."

"का?"

"माझ्या आजोबांनी ठेवलीय ती. ही माझ्या आजीची अंगठी. ती घासली, तर आमचं म्हणून काहीच उरत नाही. विकायचीच असेल, तर अशीच विका... माझ्याच्यानं होणार नाही."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

तिनं त्याचा कप जवळ ओढला. "सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी गेला असतात."

कॅलमनं तिचा हात हातात घेतला आणि अंगठी बोटात घालून पाहिली. ती मधल्या पेरावरच अडली. चाकावर राबून बोटं जाड झालेली. आजीची काडीसारखी होती. नेरिडा ओशाळून हात मागे घेऊ लागली... त्यानं सोडला नाही.

"मोठी करायला किती वेळ लागेल?"

"तासाभराचं काम आहे," ती म्हणाली. या वेळी खरं.

"छे. नीट कर," कॅलमनं खुर्ची पुढे ओढली. "मी थांबतो."