सांडलं की फुलपात्र वाजायचं

ही घटना शंभर टक्के खरी आहे. यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

साक्षीदार दोन. एक मी आणि दुसरा संतोष. संतोष आता न्यू जर्सीत असतो आणि माझा फोन उचलत नाही. म्हणजे साक्षीदार एकच धरा.

काळ सत्त्याण्णव सालचा. ठिकाण पुणे, शनिवार पेठ. अमावास्येची रात्र असती तर बरं झालं असतं, पण आमचं ऑफिस संध्याकाळी बंद व्हायचं. जे घडलं ते भर उन्हात, पंखा चालू असताना घडलं. ज्यांना रात्रच हवी असेल त्यांनी पडदे ओढून वाचावं.

ऑफिस म्हणजे आमच्या फ्लॅटची पुढची खोली. मागे मी आणि माझी बायको श्यामला, असा संसार. धंदा पत्त्यांचा. उदारीकरण आलं आणि एकाएकी सगळ्या कंपन्यांना महाराष्ट्रातल्या सगळ्या माणसांचे पत्ते हवेसे झाले. मिक्सरवाले, विमावाले, वॉटर फिल्टरवाले. ते लाखांनी पत्ते पाठवायचे. आम्ही ते पिनकोडप्रमाणे लावून लेबलं छापून द्यायचो.

अडचण एकच. पत्ते लाखांनी, आणि मशीनची रॅम चिमूटभर.

पत्ते लावायचा प्रोग्रॅम श्यामलाने लिहिलेला. मी बी.कॉम. मला तिने समजावलं ते असं:

"आपल्या लग्नाच्या पत्रिका पेठवार कशा लावल्या मी? मांडीवर मावतील तेवढ्या घेतल्या, लावल्या, गठ्ठा करून जमिनीवर ठेवला. मग पुढच्या. सगळे गठ्ठे झाले की प्रत्येकाची फक्त वरची पत्रिका बघायची. जिचा नंबर आधी, ती उचलायची. मांडी म्हणजे रॅम, जमीन म्हणजे डिस्क. कळलं का?"

"म्हणजे मांडी मोठी हवी."

"मांडी लहान असली तरी भागतं हो. जमीन मोकळी हवी."

रॅम भरली की गठ्ठे डिस्कवर जायचे. याला आमच्या घरी 'सांडलं' म्हणत. त्या काळच्या डिस्का आतल्या गाठीच्या नव्हत्या. काम करताना खडखडाट करून सगळ्या मजल्याला कळवायच्या. श्यामलाचं पाणी प्यायचं स्टीलचं फुलपात्र कायम मशीनच्या डब्यावर असायचं. डिस्क फिरू लागली की ते थरथरायचं. किर्रर्र असा बारीक आवाज. तो ऐकून ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "सांडलं!"

म्हणजे आता मशीनला बराच वेळ काम आणि आपल्याला काही नाही. ती चहा टाकायची. कप घेऊन आम्ही मागच्या गॅलरीत बसायचो.

लग्नानंतर आम्ही एकमेकांशी जे काही बोललो, ते बहुतेक डिस्क वाजत असताना. सगळं रॅममध्ये मावलं असतं तर दिवसभर नुसतं कामच केलं असतं.

फेब्रुवारीत श्यामला गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं. तो साधा नव्हता.

तेराव्याला आईने भटजींना भांडी दिली, त्यात ते फुलपात्रही गेलं. मी विचारलं तर म्हणाली, "अरे, माणूस गेलं, फुलपात्राचं काय घेऊन बसलास?"

मुद्दा बिनतोड होता.

एप्रिलात मी ऑफिस पुन्हा उघडलं. संतोष आमच्याकडे प्रोग्रॅमर होता. मूळचा यवतमाळचा, राहायला विश्रांतवाडीला. पुण्यातल्या माणसांना उन्हाळ्याबद्दल बोलायचा अधिकार नाही, असं त्याचं ठाम मत. त्या दुपारी त्याने सोलापूर जिल्ह्याचे पत्ते लावायला टाकले. मी खिडकीशी पेपर वाचत होतो.

रॅम भरली. डिस्क खडखडली.

आणि...

किर्रर्र.

मी मान वर केली. डब्यावर काहीही नव्हतं.

"संतोष, काय वाजतंय?"

"डिस्क, सर."

"डिस्क नाही. तिच्या वर."

तो ऐकत राहिला.

"फुलपात्र वाजून राह्यलं, सर," तो म्हणाला. मग त्याने डब्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

गठ्ठे संपेपर्यंत आवाज चालू होता. थांबला, तेव्हा मी उठून डब्यावरून हात फिरवला.

ओलं होतं...

एक गोल, ओलं कडं. फुलपात्राच्या बुडाएवढी.

वर छत कोरडं. पाण्याचा माठ स्वयंपाकघरात.

अशा जागी इतरांच्या गोष्टीतली माणसं किंचाळतात. मी आत गेलो आणि चहा टाकला. दोन कप.

त्यानंतर दर वेळी तेच. सांडलं की वाजायचं. काम लहान असलं, रॅममध्ये मावलं, की काही नाही. मग खोली ही नुसती खोली असायची.

वाजलं की मी कप घेऊन गॅलरीत बसायचो. तिच्या कपावर साय धरायची. दुसरं काहीही व्हायचं नाही. मला तेवढं पुरत होतं.

निदान मे महिन्यापर्यंत पुरलं.

मग मी प्रोग्रॅम उघडला. किती रॅम वापरायची, हा आकडा श्यामलाने अगदी वरच लिहिलेला होता. तो मी निम्मा केला. म्हणजे मशीनला तिच्याच मांडीबद्दल खोटं सांगितलं. गठ्ठे लहान झाले, पुष्कळ झाले, डिस्क जास्त वेळ फिरली. पुढच्या महिन्यात आकडा आणखी निम्मा. तासाभराची कामं दुपारभर चालायला लागली.

संतोषच्या लक्षात आलंच.

"सर, रॅम काऊन कमी केली?"

"मशीनवर ताण नको."

"ताण तर वाढून राह्यला ना, सर!"

"आपल्या लोकांना घाई नसते रे."

"कशी नसते जी? मिक्सरवाला रोज फोन करते. म्हणते, दिवाळीचं पत्रक होळीला वाटू का?" मग तो आवाज उतरवून म्हणाला, "नवी रॅम घेऊन टाका ना. सरकारनं कर उतरवला, आता लय स्वस्त झाली."

"सरकार कुठे कुठे नाक खुपसतं बघ," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याला सगळं माहीत होतं. गॅलरीतले दोन कप तोच विसळून ठेवायचा.

दसऱ्याच्या आधी मिक्सरवाल्याचं अख्ख्या राज्याचं काम आलं. एवढं मोठं काम आम्ही कधीच केलं नव्हतं. सकाळीच मी आकडा जितका खाली जाईल तितका खाली आणला.

"नका करू, सर," संतोष म्हणाला. "गठ्ठे एवढे होतीन, की साऱ्याइच्या वरच्या पत्रिका एका वेळी नाही पाहता येणार. मग थोडे थोडे जोडून मोठे गठ्ठे करा लागतीन. जुने तिथंच, नवे बी तिथंच. डिस्कात जागा नाही पुरणार."

श्यामलाने त्यालाही पत्रिकांचंच उदाहरण देऊन शिकवलं होतं.

मी बटण दाबलं.

किर्रर्र सुरू झालं ते थांबेचना. सकाळ गेली, दुपार झाली. इतका वेळ ती कधीच बसली नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. आईच्या गुडघ्याचं. समोरच्यांनी गॅलरीला ग्रिल लावलं त्याचं. तिच्या साड्या कपाटात तशाच आहेत आणि त्यांना हवा द्यायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं. तिला दवाखान्यात जो शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला होता, तो विचारायला मी तोंड उघडलं...

आणि आवाज थांबला.

काम संपल्यावर थांबतो तसा नाही. वाजत्या भांड्यावर कुणी हात ठेवावा, तसा.

मी पुढच्या खोलीत आलो. पडद्यावर लिहून आलं होतं, डिस्क भरली. काम मधेच मेलं होतं. असं झालं की अर्धवट गठ्ठे डिस्कवर तसेच पडून राहतात. ते आपल्याच हाताने पुसावे लागतात.

संतोष दारात उभा होता. "मी हात नाही लावला, सर."

मी डिस्क तपासली.

एकही गठ्ठा नव्हता...

मिक्सरवाल्याचे पत्ते जसे आले तसे मूळ जागी होते. बाकी सगळी जमीन मोकळी.

डब्याकडे पाहिलं. ओलं कडं नव्हतं. फडकं फिरवल्याचा एक फराटा होता. माझ्या डोळ्यांदेखत तो वाळला.

"मॅडमनी आवरून घेतलं, सर," संतोष हळूच म्हणाला.

"मूर्खासारखं बोलू नकोस," मी म्हणालो. मग मोरीत गेलो, नळ मोठा सोडला आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

आकडा पूर्ववत करून पुन्हा एकदा सांडून बघता आलं असतं. मी बघितलं नाही.

नसतं वाजलं तर?

मिक्सरवाल्याने शेवटची मुदत दिली होती. संतोषला दोन महिन्यांनी बहिणीचं लग्न काढायचं होतं, आणि ऑफिस बंद पडलं तर त्याला पुण्यात दुसरं कुणी नव्हतं. मी रॅम मागवली.

कसबा पेठेतून दीनानाथ नावाचा हार्डवेअरवाला आला. त्याने डबा उघडून नव्या पट्ट्या बसवल्या. संतोषने चाचणीसाठी सोलापूर जिल्हा लावायला टाकला.

सगळा जिल्हा रॅममध्ये मावला. आधण उकळायच्या आत काम संपलं.

"झकास," दीनानाथ म्हणाला. डबा बंद करायला वाकला आणि थांबला. "अहो, तुमच्या डिस्कचा स्क्रू ढिला आहे. वरचा पत्रा वाजत असेल ना?"

संतोषने माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो.

पाण्याचं मी त्याला विचारलं नाही. अजून कुणालाच विचारलेलं नाही.

दीनानाथने स्क्रू घट्ट केला.