सृष्टीला घरी बसवलं तेव्हा

“वन्सं, हिला औंधला घेऊन जावा! माझ्यानं आता व्हत न्हाई…” दारातच एवढं बोलून संयोगिता खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. कुपवाडच्या कारखान्यातला खाडा तिला आता परवडणारा नव्हता.

औंधहून आलेल्या शकुंतलानं हातातली पिशवी खाली ठेवली. नवऱ्यानं टाकल्यावर सांगलीतल्या याच घरात, धाकट्या भावाच्या संसारात, तिनं त्याच्या लेकीला, सृष्टीला, न्हाऊमाखू घातलं होतं, आपलं रितं काळीज त्या लेकराच्या मायेनं भरून घेतलं होतं… आणि “तुमच्या लाडानं पोरगी बिघडली” म्हणून मागल्या वर्षी याच भावजयीनं तिला घराबाहेर काढलं होतं! औंधच्या अंगणवाडीत मदतनीस होऊन ती कुठं स्वतःच्या पायावर उभी राहत होती, तोच भावाचा फोन आला. पहिलीतली सृष्टी वर्गात मुलांना चावते. शाळेनं तिला पुन्हा आठवडाभर घरी बसवलंय, आणि यापुढं दाखलाच हातात देणार म्हणे.

आत्याला पाहताच सृष्टी धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली.

“का गं चावलीस, बाळा? कुणी मारलं का तुला?”

“न्हाई.”

“मग?”

“चावलं की टीचर घरी पाठवतात,” पोर हळूच म्हणाली. “मागं बालवाडीतनं लवकर पाठवलं की घरी तू असायचीस ना… पण आता मी आले तर तू नव्हतीसच! म्हणून परत चावले.”

संयोगिताचं रडणं थांबलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“आणि मी हिला मारलं, वन्सं! शाळेनं हाकललं, मीबी बदडलं…” तिनं शकुंतलाचे पाय धरले. “तुमाला न्हवं, हिच्या आईलाच घराबाहेर काढलं मी!”

वर्षभराची वेदना शकुंतलाच्या ओठांवर आली… पण भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

“ऊठ बाई. तूबी दमलीस, मीबी दमले.”

तिनं अंगणवाडीच्या बाईंना फोन लावला आणि आपल्या जागी दुसरीला घ्या म्हणून सांगितलं.

“आवं, नोकरी नका सोडू!” संयोगिता कळवळली.

“असू दे. हिला आत्ता माणूस पायजे.”

दुसऱ्या दिवशी सृष्टीला घेऊन शकुंतला शाळेत गेली आणि तिनं सारं सांगितलं. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं, क्षणभर डोळेही पुसले. पण नियम नियमच, आठवडा पुरा करावाच लागेल, म्हणाल्या. शकुंतलानं वाद घातला नाही.

फाटकाबाहेर येताना सृष्टीनं तिचं बोट घट्ट धरलं.

“आत्या, सोमवारी मी शाळेतनं आले की तू असशील?”

“असंन की.”

“कुणाला चावले न्हाई, तरीबी?”

शकुंतलानं ‘हो’ म्हणून मान हलवली, आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं.