एकशे आठ नंबरचा मृदंग

श्रीकृष्ण मथुरेला निघाले होते. कीर्तनकार गहिनीनाथबुवा तो प्रसंग रंगवून सांगत होते, सभामंडपात पदर डोळ्यांना लागले होते. आणि नेमका तेव्हाच यंत्रमानव धुमाळ्या मृदंगावर असा काही सुटला, की रडणाऱ्या चार बायका सवयीने उठून फुगडी घालू लागल्या. बुवांना अक्रूराचा रथ वाटेतच सोडून आरती उरकावी लागली.

निंबखेडच्या सप्ताहात हे तिसऱ्यांदा घडलं. धुमाळ्या अकरा वर्षांच्या शाल्मलीने आजोबांच्या मदतीने बनवला होता. मृदंगाचे सगळे बोल तिनेच त्याला शिकवले होते.

"पोरी, उद्या काल्याचं कीर्तन," सप्ताहाचे अध्यक्ष विश्वंभरपंत म्हणाले. "दहापर्यंत दोष सापडला नाही, तर हा मोडीत. याचे हात पंपाला लावू."

"मी हुकुमाप्रमाणेच वाजवलं," धुमाळ्या पडेल आवाजात म्हणाला.

"हुकूम कुणाचा?" शाल्मलीने विचारलं.

"ते कसं कळणार, ताई? तारेवरून आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच ती आजोबांना घेऊन मंडपात आली. दिगंबरआजोबांची उमेदीची वर्षं उपग्रहांशी बोलण्यात गेली होती. आता ते कीर्तनात पहिल्या रांगेत बसत.

"मंडपातली सगळी यंत्रं एकाच तारेला जोडलीत," ते म्हणाले. "हिला बस म्हणतात (सगळ्यांचे निरोप वाहणारी सामाईक वाट). एका वेळी एकच यंत्र बोलतं, बाकीची पाळीची वाट बघतात. निरोप सगळ्यांनाच ऐकू जातो, पण त्यावर नंबर असतो. ज्याचा नंबर, त्यानेच तो पाळायचा."

"धुमाळ्याचा एकशे आठ. जपमाळेचे मणी तेवढे, म्हणून मीच दिला."

आजोबांनी पिशवीतून एक डबी काढून तारेला जोडली. "हा बस मॉनिटर (तारेवर कान लावून बसणारं, स्वतः अवाक्षर न काढणारं यंत्र). खरा श्रोता. कोण कधी काय बोललं ते टिपतो, मध्ये 'वा' सुद्धा म्हणत नाही."

"म्हणजे तुमच्यासारखा नाही."

आजोबा हसले. डबीच्या पडद्यावर ओळी उमटू लागल्या. पंख्याला: मंद. दिव्यांना: बंद. मग एक ओळ आली, 'एकशे आठला: वेग दुप्पट', आणि कोपऱ्यात बसलेल्या धुमाळ्याचे हात भन्नाट सुटले.

"पाठवणारा बघा, आजोबा. स्वयंपाकघर!"

मागे केरबातात्या आचारी नैवेद्याच्या शिऱ्यापाशी उभे होते. कढईत ढवळणारं यंत्र गरगर फिरत होतं.

"तात्या, याचा नंबर काय?"

"एकशे आठ. देवाचं काम, मग भलता नंबर देऊ होय? रवा घट्ट झाला की वेग वाढवायचा."

रवा रोज नेमका बुवांच्या करुण प्रसंगाला घट्ट होत होता, एवढंच. तोवर पंतही आले.

"कढईचा नंबर बदला," ते म्हणाले.

"आधी तुमच्या आरतीच्या घंटेचा बदला," तात्या कढईपुढे आडवे आले. "तिलाही एकशे आठच दिलाय तुम्ही."

 आरती नसताना घंटा का वाजते, हे पंतांना आता कळलं. पण नंबर सोडायला कुणीच तयार होईना, आणि साडेनऊ वाजले.

"नंबर राहू द्या," शाल्मली म्हणाली. "अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याची नाममुद्रा असते ना, तशी निरोपाला लावू. धुमाळ्या फक्त बुवांची मुद्रा मानेल, कढई फक्त तात्यांची, घंटा फक्त पंतांची."

"नाव काय, कुणीही खाली घालील," पंत म्हणाले. "माझा भाचा स्वतःच्या रचना संतांच्या नावावर खपवतो."

"म्हणून नुसतं नाव नको," आजोबांचे डोळे चमकले. "धाडणारा आणि ऐकणारा, या दोघांनाच ठाऊक असा एक गुप्त अंक ठरवायचा. तो अंक आणि निरोपातली अक्षरं यांचं गणित करून मुद्रा काढायची. ऐकणाराही तेच गणित करतो. जुळलं तर पाळतो. एक अक्षर जरी कुणी बदललं, तरी मुद्रा जुळत नाही."

"आणि कुणी जुनाच निरोप मुद्रेसकट परत धाडला तर?" शाल्मलीने विचारलं.

"शाबास. निरोपांना अनुक्रम द्यायचा, तोही गणितात घ्यायचा. होऊन गेलेला अनुक्रम आला, की दारातूनच परत."

अर्ध्या तासात दोघांनी धुमाळ्या, कढई आणि घंटा यांना आपापली मुद्रा ओळखायला शिकवली. दहाला कीर्तन उभं राहिलं. बुवांनी हट्टाने कालचाच प्रसंग आधी लावला. गोपी रथापुढे आडव्या पडल्या, आणि मागे रवा घट्ट झाला. पडद्यावर ओळ आली, 'एकशे आठला: वेग दुप्पट.' शाल्मली पडद्यावर वाकली. खाली धुमाळ्याचं उत्तर उमटलं, 'मुद्रा जुळत नाही', आणि त्याचा संथ ठेका तसाच चालू राहिला. सगळा मंडप पोटभर रडला. पंतांनी नाक शिंकरून धुमाळ्याच्या गळ्यात स्वतःचा हार घातला.

शाल्मली अजून पडद्याकडेच बघत होती.

"आजोबा, एका तारेवर पन्नास यंत्रं, तरी प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत गप्प. आपल्या ग्रामसभेत असं कधी होईल?"

"आमच्याच्याने नाही जमलं, बाळ. तुझ्या शोधांच्या यादीत घे."

तिने वही उघडलीसुद्धा होती.